कांद्याच्या मुळातील पेशीविभाजन : अवस्थांची ओळख आणि तिचा शेतीस उपयोग

पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर कांदा ठेवला असता दोन-तीन दिवसांत त्यास पांढरी मुळे फुटतात, हे घरोघरी पाहण्यात आलेले असते. ही मुळे लांबतात ती नेमकी कोठून, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. मुळावर शाईने सारख्या अंतराने बारीक खुणा करून दुसऱ्या दिवशी पाहिल्यास वरच्या खुणांमधील अंतर जसेच्या तसे राहिलेले दिसते; अंतर वाढते ते केवळ टोकाजवळच्या खुणांमध्ये. टोकावर एक लहानशी टोपी असते व तिच्या आत, जेमतेम दोन मिलिमीटरांच्या भागात, एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार असे विभाजन अहोरात्र चाललेले असते. पुढे त्याच पेशी लांब होतात व मूळ जमिनीत खाली सरकते.

एवढ्याशा भागात काय चालते ते पाहून शेतकऱ्यास काय करावयाचे, असे कोणासही वाटेल. परंतु ट्रॉम्बे येथे तयार झालेले भुईमुगाचे वाण कसे निर्माण झाले, केळीस बी का धरत नाही, आणि नाल्याचे पाणी भाजीच्या वाफ्यास द्यावे की देऊ नये, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तेथेच सुरू होतात. शिवाय ही उत्तरे ठाऊक नसल्यामुळे गावात जे गैरसमज पसरतात ते दूर करण्याचे काम शेवटी ग्रामसेवकाकडेच येते.

नमुना तयार करण्याची रीत

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालयांत जीवशास्त्राचे विद्यार्थी हा प्रयोग करतात, आणि त्यांचाही सोबती कांदाच असतो. कांदा बाराही महिने मिळतो, त्याची मुळे झटपट फुटतात, आणि त्याच्या पेशीत गुणसूत्रे केवळ १६ असून ती चांगली लांब व ठळक असतात. भाताच्या पेशीत २४ गुणसूत्रे असतात, पण ती इतकी बारीक असतात की नवशिक्याची दृष्टी त्यांवर ठरत नाही.

मुळे दोन-तीन सेंटिमीटर लांब झाली की सकाळच्या वेळी त्यांची टोके कापावीत. कापलेली टोके एक भाग ॲसेटिक आम्ल व तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात एक दिवस ठेवली म्हणजे प्रत्येक पेशी ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत थिजून राहते. नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे ऊन करून पेशींमधील बंध सैल करावे लागतात. त्यानंतर ॲसिटोकार्मिनचा रंग द्यावयाचा. हा कार्मिन रंग निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यापासून काढतात. गुणसूत्रे तो शोषून घेतात व तांबडी दिसू लागतात. शेवटी टोकाचा दोन मिलिमीटर भाग तेवढा काचपट्टीवर ठेवून, वर पातळ काच ठेवून, टीपकागदाच्या घडीतून अंगठ्याने सरळ खाली दाब द्यावा. काच बाजूस सरकली की पेशी गुंडाळल्या जातात व सारी मेहनत वाया जाते. नवशिक्याचे दहापैकी आठ नमुने येथेच बिघडतात. टोकाऐवजी मुळाचा वरचा भाग घेणे ही दुसरी नेहमीची चूक होय. तेथे लांबट, रिकाम्या वाटणाऱ्या पेशी दिसतात व विभाजन कोठेच आढळत नाही.

सूक्ष्मदर्शक व आम्ले प्रत्येक ग्रामसेवकाजवळ असणे शक्य नाही. जवळच्या विद्यालयातील विज्ञानशिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम करणे सोयीचे व सुरक्षित होय.

अवस्था कशा ओळखाव्यात?

प्रथम शंभर पटीच्या भिंगातून चौकोनी, दाटीने बसलेल्या पेशींचा भाग शोधावा व मग चारशे पटीचे भिंग लावावे. दिसणाऱ्या पेशींपैकी बहुसंख्य पेशींत एक वाटोळे, सारख्या रंगाचे केंद्रक व त्यात एक-दोन ठिपक्यांसारख्या केंद्रिका एवढेच दिसेल. ही अंतरावस्था होय. जुन्या पुस्तकांत हिला विश्रामावस्था म्हणत. ते नाव दिशाभूल करणारे आहे. याच काळात पेशीतील डी.एन.ए.ची दुप्पट होते, म्हणजे पुढील वाटणीची सर्व तयारी येथेच पुरी होते. पेरणी दिसते, पण तिच्या आधीची मशागत डोळ्यांत भरत नाही, तसाच हा प्रकार.

पूर्वावस्थेत केंद्रकातील द्रव्य आखडून त्याचे धागे दिसू लागतात. विस्कटलेल्या सुताच्या गुंड्याप्रमाणे केंद्रक दिसले की ती पूर्वावस्था समजावी. अंतरावस्था संपून ही केव्हा सुरू झाली हे ठरविणे सर्वांत अवघड असते व त्यात जाणत्यांचेही एकमत होत नाही. व्यवहारात एक नियम बरा पडतो : धागा निश्चितपणे धागा म्हणून डोळ्यास मागोवा घेता येईल एवढा वेगळा दिसत असेल, तरच ती पूर्वावस्था धरावी, नुसते रवाळ दिसल्यास धरू नये. या अवस्थेच्या अखेरीस केंद्रिका व केंद्रकाचे आवरण नाहीसे होते.

पुढे पेशीच्या दोन टोकांपासून निघालेल्या तंतूंची चातीच्या आकाराची रचना तयार होते. तिला तर्कू म्हणतात. सर्व गुणसूत्रे या तर्कूच्या मध्यावर, पेशीच्या विषुववृत्तावर म्हणावे तशी, एका पातळीत येतात. ही मध्यावस्था. प्रत्येक गुणसूत्र या वेळी दोन जुळ्या अर्धुकांचे असून ती अर्धुके एका बिंदूपाशी जोडलेली असतात. गुणसूत्रे मोजण्यास हीच अवस्था उत्तम. पेशी बाजूने दिसत असेल तर मध्ये एक जाड आडवी पट्टी दिसते. परंतु तीच पेशी टोकाकडून दिसत असेल तर पट्टीऐवजी फुलासारखा पसारा दिसतो. हा पसारा पाहून पुष्कळजण त्यास पूर्वावस्था म्हणून मोकळे होतात. कडेला आवरण आहे की नाही, आणि सूत्रे आखूड व जाड आहेत की लांब व गुंतलेली, हे पाहिल्यास चूक टळते.

पश्चावस्था ओळखण्यात सहसा कोणी चुकत नाही. जोडबिंदू दुभंगतात व जुळी अर्धुके एकमेकांपासून विलग होऊन विरुद्ध टोकांकडे ओढली जातात. बिंदू पुढे व भुजा मागे, अशी ती इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी किंवा उडत्या बगळ्यांच्या माळेतील पक्ष्यांसारखी दिसतात. एका बाजूस १६ व दुसऱ्या बाजूस १६. ना एक कमी, ना एक अधिक. भावाभावांची वाटणी इतकी चोख क्वचितच होत असेल. ही अवस्था फार थोडा वेळ टिकते, म्हणून काचपट्टीवर ती थोड्याच पेशींत सापडते.

अंत्यावस्थेत दोन्ही टोकांशी गुणसूत्रांचे पुंजके जमतात, त्यांभोवती पुन्हा आवरण तयार होते आणि दोहोंच्या मध्ये एक बारीक आडवी रेघ उमटते. ही रेघ म्हणजे नव्या पेशीभित्तीची सुरुवात होय. ती दिसत नसेल व केंद्रके पूर्ण वाटोळी झाली असतील, तर त्या शेजारशेजारच्या दोन स्वतंत्र पेशी असण्याचा संभव अधिक.

पुस्तकांतील पुष्कळ आकृत्या प्राण्यांच्या पेशीवरून काढलेल्या असतात. त्यांत दोन टोकांना ताऱ्यासारखी तारककाये दाखविलेली असतात, आणि पेशी मध्ये आवळली जाऊन दुभंगते. कांद्याच्या पेशीत तारककाये नसतात व पेशी आवळतही नाही. ती शोधण्यात वेळ घालवू नये.

या विभाजनास सूत्री विभाजन म्हणतात. त्याचा तपशीलवार अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी केला व १८८२ साली तो ग्रंथरूपाने मांडला. फ्लेमिंग यांनी काही एका पेशीस विभागताना प्रारंभापासून अखेरपर्यंत पाहूनच सर्व काही ठरविले असे नाही. थिजलेल्या असंख्य पेशी पाहून त्यांनी त्यांचा क्रम लावला. आजच्या विद्यार्थ्यालाही तेच करावे लागते. ज्या अवस्थेच्या पेशी अधिक आढळतात ती अवस्था अधिक काळ टिकते, हे यातून उघड होते. समजा, ५०० पेशी मोजल्या व त्यांपैकी ४० विभागत असलेल्या आढळल्या, तर विभाजनाचे प्रमाण शेकडा ८ झाले. हा आकडा पुढे पाण्याच्या परीक्षेत उपयोगी पडतो.

बी का धरते व का धरत नाही

फुलात परागकण व बीजांड तयार होताना निराळे विभाजन होते. त्यात गुणसूत्रांच्या जोड्या लागतात, जोडीतील एकेक गुणसूत्र एकेका बाजूस जाते व संख्या निम्मी होते. कांद्यात १६ ची ८. यास अर्धसूत्री विभाजन म्हणतात. परागकण व बीजांड यांचा संयोग झाला म्हणजे पुन्हा १६ होतात. जोड्या लागताना आईबापांच्या गुणांची सरमिसळ होते. संकरित मक्याचे घरचे बी पुढील वर्षी पेरल्यास झाडे उंचसखल, कणसे लहानमोठी येतात, त्याचे कारण हेच होय.

बोरिवलीच्या उत्तरेस खाडी ओलांडली की वसईचा केळीचा प्रदेश लागतो. तेथील बसराई काय किंवा सुकेळी ज्यापासून करतात ती राजेळी काय, दोहोंच्या पेशीत गुणसूत्रांचे ११-११ चे तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. तिघांच्या जोड्या लावावयाच्या तर एक उरणारच. वाटणी बिघडते, परागकण व बीजांडे निकामी होतात आणि केळ्यात बी धरत नाही. मुनव्यात मात्र सूत्री विभाजन चालते. त्यात जोड्या लावण्याचा प्रश्नच नसतो, म्हणून ३३ ची ३३ गुणसूत्रे बिनचूक उतरतात व मुनवा आईसारखाच निपजतो. ऊतिसंवर्धनाने केलेल्या रोपांचेही तत्त्व तेच.

ट्रॉम्बेचा भुईमूग

घाटकोपरच्या दक्षिणेस, चेंबूरच्या पलीकडे ट्रॉम्बे आहे. तेथे १९५४ साली अणुशक्ती संस्था स्थापन झाली व १९६७ साली तिला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले. या केंद्राचे नाव घेतले की सर्वसामान्य माणसास अणुभट्टी आठवते. पण महाराष्ट्रातील शेतकऱ्यास त्याची ओळख झाली ती भुईमुगाने. क्ष-किरण दिलेल्या भुईमुगाच्या बियाण्यापासून निवड करीत तयार केलेला टीजी-१ हा टपोऱ्या दाण्याचा वाण ‘विक्रम’ या नावाने १९७३ साली प्रसारित झाला. पुढे अशा वाणांच्या संकरातून टॅग-२४ हा बुटका व लवकर येणारा वाण निघाला व १९९१ पासून उन्हाळी भुईमुगात तो फार पसरला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने १९८५ साली आलेला टीएयू-१ हा उडीदही याच रीतीचा.

किरण दिलेल्या बियाण्याच्या कोवळ्या मुळाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास किरणांनी काय केले ते पश्चावस्थेत स्पष्ट दिसते. एखादे गुणसूत्र तुटलेले असते. ज्या तुकड्यास जोडबिंदू नसतो त्यास कोणतेच टोक ओढून घेत नाही व तो मध्येच रेंगाळतो. दोन तुटकी सूत्रे एकमेकांस चिकटली तर दोन बिंदूंचे सूत्र तयार होते. ते दोन्हीकडे ओढले जाऊन दोन पुंजक्यांमध्ये ताणलेल्या दोरीसारखा पूल दिसतो. असे पूल व तुकडे किती पेशींत आहेत हे मोजून किरणांची मात्रा जास्त झाली की योग्य, याचा अंदाज घेता येतो. अवस्था ओळखण्यात चूक झाली तर ही मोजणीच व्यर्थ.

मात्र उपयोगी बदल बहुधा एवढे ठळक नसतात. ते गुणसूत्राच्या आत, डी.एन.ए.मध्ये सूक्ष्म रूपाने घडतात व भिंगाखाली दिसत नाहीत. ते शोधावे लागतात शेतात. किरण दिलेल्या बियाण्याची पहिली पिढी पेरून, तिचे बी पुन्हा पेरून, दुसऱ्या पिढीच्या हजारो झाडांतून एखादे बुटके किंवा टपोऱ्या दाण्याचे झाड निवडावयाचे व ते पुढील अनेक पिढ्या पारखावयाचे. म्हणून एका वाणास वर्षानुवर्षे लागतात.

‘अणुकेंद्राचे बी’ म्हटले की त्यात किरण राहिले असतील, ते खाल्ल्यास अपाय होईल, अशी शंका घेतली जाते. ती निराधार होय. क्ष-किरण किंवा गॅमा किरण बियाण्यातून आरपार निघून जातात. त्यांनी बी किरणोत्सर्गी होत नाही. शिवाय शेतकऱ्याच्या हाती येणारे बी हे किरण दिलेल्या मूळ बियाण्याच्या अनेक पिढ्यांनंतरचे असते. भुईमूग हे बहुतांशी स्वपरागित पीक असल्यामुळे या वाणाचे घरचे बी, भेसळ काढून व चांगले वाळवून ठेवल्यास, काही हंगाम वापरता येते. संकरित मक्यासारखे ते दर वर्षी विकत घ्यावे लागत नाही, ही गोष्ट शेतकऱ्यांना मुद्दाम सांगावी.

कळलावी

बोरिवली व मुलुंड यांच्या मधील डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतात. पावसाळ्यात तेथे तांबड्या-पिवळ्या ज्वालांसारख्या फुलांची कळलावी फुलते. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसीन नावाचे जहाल विष असते. हे द्रव्य पेशीतील तर्कू तयारच होऊ देत नाही. गुणसूत्रे आखडतात, त्यांची अर्धुकेही सुटतात, पण त्यांना ओढून नेणारे कोणी नसते. परिणामी एकाच केंद्रकात दुप्पट गुणसूत्रे राहतात. ब्लेकस्ली व ॲव्हरी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३७ साली वनस्पतींवर हा परिणाम दाखविला. दुसऱ्याच वर्षी स्वीडनच्या आल्बर्ट लेव्हान यांनी कांद्याच्या मुळात त्याचे बारकाईने वर्णन केले.

बिनबियांचे कलिंगड याच द्रव्याच्या साहाय्याने निघाले. कलिंगडाची २२ गुणसूत्रे कोल्चिसीनने ४४ करावयाची, त्या झाडाचा साध्या झाडाशी संकर करावयाचा, की संततीत ३३ येतात आणि केळीप्रमाणेच बी धरत नाही. हा प्रयोग घरी करून पाहण्याचा मोह कोणासही होऊ नये. कळलावीच्या कंदाने माणसे दगावली आहेत; गुरांनाही ती घातक आहे. उद्यानातील झाडे उपटणे हा तर गुन्हाच होय.

नाल्याच्या पाण्याची परीक्षा

मुंबईच्या उपनगरांत शेती ती कोठली, असे कोणी म्हणेल. बोरिवली व मुलुंड ही गावे १९५७ साली बृहन्मुंबईत आली तेव्हा तेथे भातशेती व भाजीमळे होते. त्यानंतरही गोराई, मनोरीकडे भाजीचे वाफे टिकून राहिले, आणि रेल्वेच्या रुळांकडेच्या पट्ट्यांत पालक, माठ, मुळा, भेंडी पिकविण्याची प्रथा अनेक वर्षे चालली. पाण्याचा प्रश्न मात्र बिकट होत गेला. दहिसर, पोईसर, ओशिवरा व मिठी या नद्या डोंगरातून स्वच्छ उतरतात व वस्तीत शिरताच सांडपाणी व कारखान्यांची घाण घेऊन वाहतात.

लेव्हान यांच्या कामातून पुढे कांद्याच्या मुळाने पाणी पारखण्याची रीत निघाली व स्वीडनमध्येच फिस्केस्यो यांनी १९८५ साली तिला प्रमाणित रूप दिले. तिचा पहिला भाग सूक्ष्मदर्शकाशिवाय करता येतो. सारख्या आकाराचे, सुप्तावस्था संपलेले १२ लहान कांदे घ्यावेत. बाहेरचा कोरडा पापुद्रा व बुडाची जुनी मुळे काढावीत, पण बुडाच्या कडेचे कोवळे कडे दुखवू नये. सहा कांदे स्वच्छ विहिरीच्या पाण्यावर व सहा संशयित पाण्यावर, बूड तेवढे बुडेल असे, सावलीत ठेवावेत. नळाचे पाणी घ्यावयाचे झाल्यास ते रात्रभर उघडे ठेवून मग घ्यावे. पाणी रोज बदलावे. तीन दिवस पुरे झाल्यावर मुळांची लांबी मोजून सरासरी काढावी. संशयित पाण्यातील मुळे निम्म्याहून आखूड, वाकडी किंवा तपकिरी टोकांची असतील, तर त्या पाण्यात मुळास मारक असे काहीतरी आहे, असे समजून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा व तोवर ते वाफ्यास देऊ नये.

लासलगाव येथे २००२ साली सुरू झालेल्या केंद्रात कांद्यास कोंब येऊ नयेत म्हणून गॅमा किरण देतात. त्यांनी विभागणाऱ्या पेशीच निकामी होतात. असा कांदा खाण्यास निर्धोक असला तरी या प्रयोगास घेऊ नये.

मुळे आखूड आढळली व सूक्ष्मदर्शकाची सोय असली तर दोन्ही पाण्यांतील टोकांच्या काचपट्ट्या करून विभागत असलेल्या पेशींचे प्रमाण ताडून पाहावे. एका पाण्यात ते शेकडा ८ व दुसऱ्यात शेकडा २ असेल, किंवा दुसऱ्यात चिकटलेली गुणसूत्रे, पूल व तुकडे वारंवार आढळत असतील, तर तशी नोंद नमुन्यासोबत पाठवावी. मात्र मुळे चांगली वाढली म्हणजे पाणी निर्दोष ठरले, असे मानू नये. रोगजंतूंनी कांद्याचे मूळ खुंटत नाही, आणि सांडपाण्यातील काही जड धातू मुळास न जाणवण्याइतक्या अल्प प्रमाणातही पालेभाजीत हळूहळू साचू शकतात. त्यांसाठी पाण्याचे, मातीचे व पाल्याचे रासायनिक पृथक्करण आणि जंतुतपासणी करून घेणे अवश्य आहे. नमुन्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी. जंतुतपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली मागवावी, ती विसळू नये, आणि भरल्यापासून सहा तासांच्या आत बर्फात ठेवून पोहोचती करावी. बाटलीवर ठिकाण, दिनांक व वेळ लिहावी. पावसाळ्यात घेतलेला नमुना उन्हाळ्याच्या पाण्याची कल्पना देत नाही, यास्तव फेब्रुवारी ते मे या काळात नमुना पुन्हा घ्यावा.